गवत कुणाचं, धूर कुणाचा?

श्रावण सरत आला की आमच्या कोकणात दोन आवाज सुरू होतात. एक वाडीवाडीतल्या भजनांच्या तालमीचा आणि दुसरा ग्रास कटरचा. जूनपासून कोसळणाऱ्या पावसानं अंगणाच्या कडेला, परड्यात, विहिरीच्या वाटेवर कमरेएवढं रान माजलेलं असतं. गणपतीला मुंबईची मंडळी यायची असतात, घरात लहान मुलं असणार, आणि गवतात फुरसं असेल ही भीती तर कायमचीच. त्यामुळे गणपतीआधी गवत काढणं ही आमच्याकडे हौस नाही, गरज आहे. पूर्वी चार बायका विळे घेऊन दोन दिवस वाकून हे काम करायच्या. आता एक माणूस खांद्याला यंत्र अडकवून येतो आणि दोन तासांत परडं मोकळं करून जातो.

खरं सांगते, इतकी वर्षं त्या दोन तासांत मी एवढंच करत आले. खिडक्या लावून घ्यायच्या, दोरीवरचे कपडे आत आणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. काम झालं की चहा द्यायचा, पैसे द्यायचे, आणि पन्नास रुपये कमी होतात का ते विचारून बघायचं! तुमच्यापैकी किती जणी असंच करत असतील, हात वर करा बघू. माझा हात तर वरच आहे.

हा विचार डोक्यात शिरला तो माझ्या भाचीच्या एका फोनमुळे. ती कॅलिफोर्नियात राहते. एक दिवस म्हणाली, ‘मावशी, आम्ही गॅसचं सगळं काढून टाकलं. आता बॅटरीवरचं घेतलं.’ मी घाबरलेच. म्हटलं, ‘अगं, मग स्वयंपाक कशावर करतेस?’ ती हसत सुटली. तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात! ती बोलत होती बागेतल्या यंत्रांबद्दल. हिरवळ कापायचं यंत्र, कुंपण छाटायचं यंत्र आणि पाचोळा उडवणारा ‘लीफ ब्लोअर’. आपण खराट्यानं पाचोळा लोटतो, ते तिकडे जोराच्या वाऱ्यानं फुंकून एका कडेला नेतात.

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. त्यांच्या राज्याच्या हवा मंडळानं हिशेब केला आहे. पेट्रोलवरचा मोठा लीफ ब्लोअर एक तास चालवला तर हवेत धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं एका आधुनिक मोटारगाडीनं ११०० मैल जाताना होतं. म्हणजे १७०० किलोमीटरहून जास्त. आपण मुंबईहून दिल्लीला गाडीनं गेलो आणि वर आणखी तीनशे किलोमीटर गेलो, तरी तेवढंच! म्हणूनच कॅलिफोर्नियानं २०२१ मध्ये कायदा केला, की २०२४ पासून अशी नवी छोटी यंत्रं धूर न सोडणारीच विकायची. जुनी होती ती लोकांनी वापरावीत, पण नवी घ्यायची तर धुराविना. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचा लीफ ब्लोअर चालवायलाच बंदी आली.

‘एवढंसं यंत्र, त्याचा एवढा धूर कसा?’ मला प्रश्न पडला. याचं उत्तर आपल्या जुन्या स्कूटर आठवल्या की मिळतं. किक मारली की निळा धूर निघायचा, आठवतंय? त्यांच्यात असायचं तेच टू-स्ट्रोक इंजिन बहुतेक ग्रास कटरमध्ये असतं. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालावं लागतं, आणि ते ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. शिवाय या इंजिनाची रचनाच अशी, की जळलेला धूर बाहेर ढकलताना आत आलेलं ताजं पेट्रोलही थोडं त्याच्याबरोबर निसटतं. कधीकधी तर चौथ्या हिश्श्याहूनही जास्त! म्हणजे विकत आणलेलं पेट्रोल न जळताच हवेत. स्कूटर सुधारल्या, रिक्षा सुधारल्या, गाड्यांना किती नियम लागले. हे खांद्यावरचं छोटं इंजिन मात्र आपल्या नजरेतून सुटलंच. फोर-स्ट्रोकची यंत्रंही मिळतात. त्यांचा धूर कमी, पण वजन जास्त आणि आवाज आहेच.

हे सगळं ऐकून मी ‘अगंबाई’ म्हटलं आणि विसरूनही गेले असते. पण पुढच्याच महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गोष्ट घडली.

आमच्याकडे गवत काढायला येतो त्या दादाची बायको आमच्या गटात आहे. हप्ता द्यायला आली ती डोळे पुसतच. मी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, ‘पोरं बापाजवळ जात नाहीत ताई. म्हणतात, बाबा सारखे ओरडतात. ते रागावत नाहीत हो, त्यांना ऐकूच येत नाही. म्हणून मोठ्यानं बोलतात.’ पुढे म्हणाली, ‘रात्री हाताला मुंग्या येतात. सदऱ्याचं बटण लावायचं तर बोटं चालत नाहीत. आणि आता थोरला पण त्यांच्याबरोबर जायला लागला आहे मशीन घेऊन.’

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला माझ्या लावून घेतलेल्या खिडक्या आठवल्या. गवत माझं, अंगण माझं, फुरश्याची भीती माझी. पण धूर त्याच्या छातीत आणि आवाज त्याच्या कानात. मी दोन तास खिडकी लावून बसते. तो एका घरचं संपवून दुसऱ्या घरी जातो, तिथून तिसऱ्या. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

आवाजाचा हिशेबही मी मग समजून घेतला. आठ तास कानावर पडणारा आवाज ८५ डेसिबलच्या आत असावा, त्याच्या वर गेला तर हळूहळू कान जातात, असं तज्ज्ञ सांगतात. ग्रास कटर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० च्या पुढेच असतो. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, दवाखाने, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र, तिथे तर दिवसा ५०. आपण हे नियम गणपतीच्या आणि लग्नाच्या लाऊडस्पीकरपुरतेच लक्षात ठेवतो. शाळेच्या मैदानावर वर्ग चालू असताना यंत्र घरघरत असतं आणि बाई फळ्याजवळ घसा ताणून शिकवत असतात, तेव्हा कुणाला काही वाटत नाही.

मग आम्ही काय केलं? उगाच मोठेपणा सांगत नाही, जे झालं ते सांगते. गटात विषय मांडला. सुरुवातीला हसू झालं. ‘बॅटरीवर कोकणातलं गवत कापलं जाणार होय? ती तर खेळणी!’ यात तथ्य होतं. बाजारात दोन-चार हजारांची हलकी यंत्रं मिळतात. त्यांनी बंगल्यापुढची हिरवळ कापता येईल, आमचं रान नाही. दुकानात जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं, की दणकट यंत्र हवं तर जास्त व्होल्टची बॅटरी हवी आणि बॅटऱ्याही दोन हव्यात. एक चालू असताना दुसरी चार्जिंगला. यंत्र, दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत पेट्रोलच्या यंत्राच्या दुपटीहून जास्त होत होती.

इथेच गाडी अडली. दादा म्हणाला, ‘वहिनी, माझं चालू यंत्र टाकून मी कर्ज कशाला काढू?’ त्याचं काय चुकलं? धूर कमी व्हावा ही इच्छा आमची, आणि खर्च मात्र त्यानं करायचा! हा कुठला न्याय?

मला उज्ज्वला योजनेची आठवण झाली. २०१६ मध्ये ती सुरू झाली, घरोघरी शेगड्या आल्या, आणि बायकांचे डोळे धुरातून सुटतील असं वाटलं. बऱ्याच घरी सुटलेही. पण ज्या घरी दुसरा सिलिंडर भरायला पैसे नव्हते, तिथे शेगडी फडताळावर गेली आणि चूल पुन्हा पेटली. वस्तू हातात देऊन काम संपत नाही. पुढचा खर्च कोण करणार, हे ठरलं नाही तर चांगली वस्तू तशीच पडून राहते. कॅलिफोर्नियातसुद्धा हाच वाद झाला. बागकामाचा धंदा करणारे लोक म्हणाले, दिवसभर काम करायचं तर ढीगभर बॅटऱ्या बरोबर घेऊन फिरावं लागेल, आणि त्यांचे पैसे कोण देणार? मग तिथल्या सरकारनं लहान व्यावसायिकांना नवी यंत्रं घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलर बाजूला ठेवले. ते पुरेसे होते का, हा वेगळा प्रश्न. पण बदल हवा असेल तर त्याचा भार एकट्या हातमजुरावर टाकता येत नाही, एवढं त्यांनाही मान्य करावं लागलं.

आमच्याकडे कुठले कोटी! गटानं त्याच्या बायकोच्या नावावर अंतर्गत कर्ज दिलं. उरलेले पैसे आमच्या आळीतल्या आठ घरांनी आगाऊ मजुरी म्हणून दिले. उपकार म्हणून नाही, पुढच्या कामाचे पैसे आधी दिले, इतकंच. आणि एक गोष्ट ठरवली, ज्याच्या घरी काम असेल त्यानं पडवीत चार्जिंगला प्लग द्यायचा. दोन कान झाकणारे इअरमफ आणि दोन चष्मे गटातर्फे घेतले. बॅटरीचं यंत्र असलं तरी पातं खडा उडवतंच, डोळ्याला चष्मा हवाच.

आता हिशेब बघा, कारण आपण बायका हिशेबाशिवाय काही मान्य करत नाही. आमच्या यंत्राची बॅटरी ३६ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-अवरची आहे. दोन्हींचा गुणाकार केला की १४४ वॉट-अवर. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते असं धरलं तरी एका युनिटमध्ये ती पाच-सहा वेळा चार्ज होते. युनिटला दहा रुपये धरले तरी एका वेळेला दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. एका चार्जिंगवर दाट गवतात वीस-पंचवीस मिनिटं काम होतं. म्हणजे तासाभराच्या कामाला वीज पाच-सहा रुपयांची. त्याच्या जुन्या यंत्राला तासाला पाऊण लिटर पेट्रोल लागतं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, शिवाय ऑइल वेगळं.

पण आंधळेपणानं कौतुक करणार नाही. बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरत जाते. तेव्हा नवी घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. म्हणून दर कामामागे थोडी रक्कम तो गटात वेगळी ठेवतो. पेट्रोलचे वाचलेले पैसे घरात खर्च होऊन गेले आणि बॅटरीच्या वेळी हात रिकामे, असं व्हायला नको. आमच्या अंदाजानं दोन मोसमांत जादा किंमत भरून निघेल. धो धो पावसात हे यंत्र चालवायचं नाही. डोंगरउतारावरच्या आंब्याच्या बागेत, जिथे जवळपास वीजच नाही आणि दिवसभर बेणणी करायची असते, तिथे त्याला अजून पेट्रोलचं यंत्रच न्यावं लागतं. घरांची परडी, शाळेचं मैदान, देवळाचं आवार, दवाखान्याची हद्द इथे मात्र बॅटरीचं यंत्र छान चालतं. सगळं एकदम बदलत नाही. पण जिथे माणसं राहतात, मुलं खेळतात, आजारी माणसं झोपलेली असतात, तिथून तर सुरुवात करता येते!

शेतकऱ्यांच्या घरातल्या मैत्रिणींना तर हे नवीन नाहीच. पाठीवरचा औषध फवारणीचा पंप आता कितीतरी ठिकाणी बॅटरीवर चालतो. एका हातानं दांडा मारत दिवसभर फवारणी करून खांदा धरायचा, ते कमी झालं. तिथे कुणी ‘खेळणं’ म्हणून हसलं नाही.

एक शंका माझ्या मुलानं काढली. ‘आई, वीज तरी कुठून येते? कोळशातूनच ना?’ बरोबर आहे त्याचं. आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. धूर आमच्या परड्यातून गेला तरी चंद्रपूरच्या आणि कोराडीच्या बायकांच्या वाट्याला राख आहेच, हे विसरून चालणार नाही. पण विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते, आणि पेट्रोलसारखा तोंडासमोर धूर सोडत नाही. घरांच्या छपरांवर आता सौर पॅनेलही चढू लागली आहेत. वीज उद्या स्वच्छ होऊ शकते. ऑइल मिसळलेलं पेट्रोल कधीच होणार नाही.

दुसरी शंका जुन्या बॅटरीची. ती कचऱ्यात टाकायची नाही, अजिबात नाही. दाबली गेली, फुटली तर पेट घेते, आणि कचरा वेचणारीही आपल्यासारखीच एक बाई असते. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ मध्ये आपल्याकडे नियम झाले आहेत. वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकलेली आहे. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, ‘जुनी झाली की परत घेणार ना?’ आणि पक्की पावती मागा. चार्जर कंपनीचाच वापरा, बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, आणि उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.

आपल्याला काय करता येईल? कोकणातच नाही, देशावर असो की विदर्भात, कॉलनीची बाग, शाळा, मंगल कार्यालय, सगळीकडे हीच यंत्रं चालतात. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. नवं यंत्र घ्यायचं ठरत असेल तर बॅटरीचं बघा, आणि ते सोसायटीच्या पैशानं घ्या, माळीदादाच्या नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत असाल तर गवत सुट्टीच्या दिवशी कापायला सांगा. पेट्रोलचंच यंत्र चालणार असेल तर निदान इअरमफ आणि चष्मा आहे का ते बघा. नसेल तर घेऊन द्या, साडीच्या फॉलपिकोच्या खर्चात बसेल असं काहीतरी नक्की मिळतं. आणि जिथे अंगण लहान आहे, पाचोळा थोडा आहे, तिथे आपला खराटा आणि विळा आहेतच. प्रत्येक गोष्टीला यंत्र लागत नाही.

आणि हो, पन्नास रुपयांची घासाघीस सोडून द्या. मी सोडली.

दादाचे कान काही परत येणार नाहीत. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते गेलं, राहिलेलं जपा. बायकोनं मुलांना समोर बसवून समजावलं, की बाबा रागावत नाहीत. धाकटी आता त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं बोलते.

यंदा गणपतीआधी आमच्या परड्यात थोरला मुलगा आला होता, बॅटरीचं यंत्र घेऊन. मी खिडकी उघडीच ठेवली. आवाज होता, नाही असं नाही, पण माजघरात आम्ही दोघी करंज्यांच्या सारणाबद्दल बोलत होतो ते एकमेकींना ऐकू येत होतं. त्याची आई मागच्या दारात गेली आणि तिनं हाक मारली, ‘बाळा, चहा झाला रे.’

तो विहिरीच्या पलीकडे होता. पहिल्याच हाकेला त्यानं मान वळवून बघितलं.